सहकुटुंब, सहपरिवार, सशास्त्र

ग्रंथालयात एकटा सापडला तर कॅथलिक धर्मपंडित हा मोठा सौम्य माणूस असतो. हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन अशा तीन भाषांत तो गप्प बसू शकतो. उत्पत्तीच्या पहिल्या ओळीवर सहा महिने काढून दुसऱ्या ओळीकडे वळताना तो घाई झाल्याबद्दल वाचकांची क्षमा मागतो. हाच माणूस एके दिवशी ठरवतो की, ज्या स्थळांवर आपण जन्मभर टिपा लिहिल्या ती आता डोळ्यांनी पाहायची, आणि तीही बायको, तीन मुलं आणि सासूबाई यांच्यासह. बेत सुरेख असतो. प्रत्येक ठिकाणी उभं राहून तिथला उतारा वाचायचा, क्षणभर मनन करायचं आणि पुढं निघायचं. हा बेत काही त्याचा स्वतःचा नव्हे. इसवी सन 380 च्या सुमारास एगेरिया नावाची एक भाविक बाई युरोपातून निघून थेट सिनाय पर्वतापर्यंत गेली. जिथं जाईल तिथं तिथलाच उतारा वाचून घ्यायचा, असा तिचा नेम होता. हे सगळं तिनं मायदेशातल्या आपल्या भगिनींना सविस्तर कळवलं आणि त्या मजकुराची जुनी प्रत 1884 साली इटलीत अरेझ्झो गावी सापडली. तिला हे इतकं निर्वेध कसं साधलं, याचं कारण तिनं लिहिलेलं नाही, पण ते उघड आहे. बरोबर मुलं नव्हती. आपला पंडित मात्र गालील सरोवराकाठच्या टेकडीवर मत्तयचा पाचवा अध्याय उघडून 'धन्य' एवढाच शब्द उच्चारतो, तोच धाकटा विचारतो, "बाबा, इथं शू कुठं करायची?" थोरलीच्या फोनचं चार्जिंग संपलेलं असतं, सासूबाईंना ऊन लागत असतं आणि बायको शांतपणे म्हणते, "पाण्याच्या बाटल्या तुमच्याकडे होत्या ना?" त्या टेकडीवर त्या दिवशी धन्य कोणीच नसतं.

कुटुंबापायी मननाचा विचका झाला, असंच यावर कोणीही म्हणेल. प्रस्तुत लेखकाचं मत नेमकं उलट आहे. घरी पंख्याखाली बसून दुसऱ्यांच्या प्रवासावर मत द्यायची त्याला दांडगी सवय आहे, तेव्हा अधिकाराचा प्रश्न कोणी काढू नये. मत असं की, त्या टेकडीवर विचका झाला तो फक्त व्याख्यानाचा. भाष्य तिथंच सुरू झालं. पवित्र शास्त्र हे बऱ्याच अंशी घर सोडून निघालेल्या, वाट चुकलेल्या, भुकेल्या आणि एकमेकांवर चिडलेल्या कुटुंबांचं पुस्तक आहे. ते वातानुकूलित खोलीत, पोटभर जेवून, एकट्यानं वाचणारा माणूस त्यातली निम्मी वाक्यं गूढ समजतो आणि त्यांवर ग्रंथ लिहितो. तीच वाक्यं परक्या देशात बस चुकलेल्या बापाला ग्रंथाशिवाय कळतात.

पहिला आक्षेप मराठी वाचकाच्या ओठांवर आलेलाच असेल: कॅथलिक धर्मपंडित म्हणता आणि त्याला बायको-मुलं कुठली? आपल्या डोळ्यांसमोर वसईचे, वांद्र्याचे नाहीतर गोव्याचे पांढऱ्या झग्यातले फादर उभे राहतात, आणि त्यांच्यामागं सासूबाई चालत असल्याचं दृश्य काही केल्या बसत नाही. पण फादर होणं वेगळं आणि ईशज्ञानाचा पंडित होणं वेगळं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 च्या नोव्हेंबरात पवित्र शास्त्र सर्व श्रद्धावंतांसाठी खुलं असावं असं बजावलं. त्यानंतरच्या काळात संसारी स्त्री-पुरुष मोठ्या संख्येनं हा विषय शिकू-शिकवू लागले, आणि आज कितीतरी कॅथलिक विद्यापीठांत 'त्रैक्य' शिकवणारे प्राध्यापक तास संपताच मुलाला पाळणाघरातून आणायला धावतात. शिवाय परंपराच काढायची तर ज्याला कॅथलिक पहिला पोप मानतात त्या पेत्रालाही सासू होती. मार्कच्या पहिल्याच अध्यायात ती तापानं फणफणलेली आहे. येशू तिला हात धरून उठवतो, ताप निघतो आणि ती लगेच पाहुण्यांच्या सरबराईला लागते. भाष्यकारांनी तिच्या सेवाभावावर पुष्कळ लिहिलं आहे. चार पाहुणे न कळवता घरी आणणाऱ्या जावयावर कोणी फारसं लिहीत नाही. त्याहून मोठा पुरावा पौलाच्या पत्रात आहे. करिंथकरांना तो जरा चिडूनच विचारतो की, इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा म्हणजे पेत्र आपापल्या पत्नीला बरोबर घेऊन फिरतात, तो हक्क आम्हाला नाही का? म्हणजे सहकुटुंब दौरे पहिल्या शतकातच सुरू झाले होते आणि खर्च कोणी करायचा यावरची कुरबुरही. पेत्राच्या बायकोला त्या दौऱ्यांबद्दल काय वाटलं, हे मात्र एकाही शुभवर्तमानकारानं विचारलेलं दिसत नाही.

आता मुळापासून पुरावा पाहू. अब्राहाम हारानहून निघाला तेव्हा पंच्याहत्तर वर्षांचा होता. बरोबर बायको, पुतण्या, नोकरचाकर, गुरंढोरं. आज्ञा एवढीच की, मी दाखवीन त्या देशात जा. धर्मपंडिताच्या ग्रंथात या प्रसंगाचं नाव 'श्रद्धेची परिसीमा' असं असतं. प्रवासात त्याच्याच घरात त्याचा पाठभेद सापडतो. "आज कुठं जायचं आहे?" "बघू." "हॉटेल ठरवलंय का?" "मिळेल." या दोन उत्तरांनंतर बायकोच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यावरून सारा ही काय ताकदीची बाई असेल याचा अंदाज येतो. पुढं दुष्काळ पडतो म्हणून हे सगळे मिसरात शिरतात, आणि सरहद्दीवर अब्राहाम बायकोला सांगतो की, तू माझी बहीण आहेस असं सांग. हीच युक्ती तो पुन्हा गरारच्या राजाकडे करतो, आणि पुढं त्याचा मुलगा इसहाकही तीच करतो. एकाच आख्यायिकेची ही तीन रूपं असावीत, असं अभ्यासक म्हणतात. शक्य आहे. पण इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभं राहून, काचेमागच्या अधिकाऱ्यानं "ही कोण?" असं विचारल्यावर, लग्नाला वीस वर्षं झालेला प्राध्यापक क्षणभर गडबडतो. गणवेशातल्या माणसासमोर निर्दोष माणसाच्या तोंडून भलतंच निघतं. मग ही घटना तीनदा काय, तीसदा घडली असली तरी त्याला नवल वाटत नाही. लोटाच्या बायकोचंही तसंच. सदोम जळत असताना तिनं मागं वळून पाहिलं आणि ती मिठाचा खांब झाली. मृत समुद्राकाठी गाईड आजही एक खांब दाखवतात. ही ऐहिकाची आसक्ती, असं पंडितानं आयुष्यभर शिकवलेलं असतं. विमानतळाच्या वाटेवर त्याची स्वतःची बायको "गॅस बंद केला होता का हो?" म्हणून तिसऱ्यांदा मागं पाहते, तेव्हा त्याला त्या खांबाबद्दल पहिल्यांदा दया येते. आणि राहेल! बापाच्या घरातल्या कुलदेवता तिनं उंटाच्या खोगिरात लपवल्या, त्यावर बसली आणि झडती घ्यायला आलेल्या बापाला म्हणाली, मला उठता येत नाही, बायकांची अडचण आहे. परतीच्या विमानात, जाहीर न केलेल्या खजुरांच्या पिशवीवर पाय ठेवून बसलेल्या सासूबाईंच्या निर्विकार मुद्रेकडे पाहून पंडिताला ही गोष्ट आठवतेच.

खाण्याचा मुद्दा तर स्वतंत्र ग्रंथाचा आहे. होरेबहून कादेश-बर्ण्याला जायला अकरा दिवस लागतात, असं अनुवादाच्या पहिल्याच अध्यायात लिहिलं आहे. इस्राएल लोकांना वचनदत्त भूमीत शिरायला चाळीस वर्षं लागली. सगळे भाष्यकार याचं कारण अविश्वास सांगतात. गणनेचा अकरावा अध्याय नीट वाचला तर दुसरंही एक कारण दिसतं: जेवण. समुद्र दुभंगताना यांनी पाहिला, आकाशातून अन्न पडताना पाहिलं, आणि मग रडत काय बसले? तर मिसरातले मासे, काकड्या, कलिंगडं, कांद्याची पात, कांदे आणि लसूण आठवून. यादी इतकी तपशीलवार आहे की ती उपाशी माणसानंच सांगितली असणार, कोणा लेखकाला ती कल्पनेनं सुचणं कठीण. मान्ना हा पदार्थ धण्यासारखा दिसे, लोक तो जात्यावर दळत, उखळात कुटत, भांड्यात शिजवत, त्याच्या भाकरी करत, असंही तिथं नोंदलं आहे. म्हणजे स्वर्गीय अन्नातही कोणी तरी रोज काहीतरी वेगळं करून पाहत होतं, आणि घरातून "आज पुन्हा तेच?" असंच ऐकत होतं. मराठी माणसाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. रोमला जाताना सामानात मेतकूट, लसणाची चटणी आणि थालीपिठाची भाजणी भरणारं कुटुंब सिनायच्या वाळवंटातल्या रडण्याला हसू शकत नाही. ते फक्त विचारतं, "लसूण बरोबर का नाही घेतली त्यांनी?" वसईहून पवित्र भूमीच्या यात्रेला जाणाऱ्या मंडळींना गालीलच्या काठी 'संत पेत्राचा मासा' म्हणून मोठ्या अदबीनं जो तळलेला मासा वाढतात, तो तिलापिया. पुणे-सोलापूरकडचा कोणी असेल तर तो एका घासात ओळखतो की ही आपल्या उजनी धरणातली चिलापी, फक्त भाव डॉलरमध्ये. मत्तयच्या शुभवर्तमानात पेत्रानं पकडलेल्या माशाच्या तोंडात कर भरण्यापुरतं नाणं निघतं. हॉटेलातल्या माशाच्या बाबतीत नाण्याची दिशा उलटी असते.

आता गंभीर आक्षेप. हा ज्या तोंडून येतो ते तोंड फार मोठं आहे. बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा संत जेरोम एका पत्रात लिहितो की, स्वर्गाचं दार जेरुसलेमहून जितकं उघडं तितकंच ब्रिटनहूनही. तेव्हा तिथं गेलं नाही म्हणून काही बिघडत नाही. झालं की! शास्त्राचा एवढा मोठा पंडितच सांगतो, तर तिकिटाचे पैसे वाचले. पण हा सल्ला जेरोमनं कुठून दिला ते पाहावं. बेथलेहेमहून. इसवी सन 386 मध्ये तो तिथं कायमचा राहायला गेला होता. त्याआधी पावला नावाची श्रीमंत रोमन विधवा आणि तिची मुलगी युस्टोकियम यांच्याबरोबर त्यानं अख्खी पवित्र भूमी आणि मिसर पालथं घातलं होतं. त्या मायलेकींच्या नावानं रोममधल्या एका मैत्रिणीला गेलेलं पत्र आहे. त्यात, अगं, एकदा येऊन तर बघ, असा नुसता धोशा आहे. आणि एका प्रस्तावनेत हाच जेरोम म्हणतो की, अथेन्स पाहिलेल्याला ग्रीकांचा इतिहास जसा जास्त कळतो, तसं यहूदिया डोळ्यांनी पाहिलेल्याला शास्त्र जास्त कळतं. त्याच सुमाराला कप्पदुकियाचा न्यस्साकर ग्रेगरी यानंही यात्रेविरुद्ध कडक पत्र लिहिलं. जागा बदलल्यानं देव जवळ येत नाही, वाटेतल्या धर्मशाळांत नाही नाही ते चालतं, आणि जेरुसलेममध्ये तर सगळी पापं सुखानं नांदतात, असं त्याचं म्हणणं. विचार थोर आहे. फक्त ग्रेगरी स्वतः जाऊन आला होता. परदेशाहून परतल्यावर शेजाऱ्याला "तिथं काही बघण्यासारखं नाही हो" असं सांगणारा आणि चार अल्बम तयार ठेवणारा माणूस चौथ्या शतकातही होता, एवढाच पुरावा या दोन्ही संतांकडून निघतो. आणि तो आमच्याच बाजूचा आहे.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. ही स्थळं खरी कशावरून? आक्षेपात दम आहे. लूकच्या शेवटच्या अध्यायातलं एम्माउस गाव घ्या. लात्रूनजवळचं एक, अबू घोषचं एक, कुबैबेचं एक. तिन्ही ठिकाणी गाईड तितक्याच खात्रीनं सांगतो की, भाकर मोडली ती इथंच. येशूची कबरही एक जुनी, पवित्र कबरीच्या मंदिरातली, आणि एक एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झालेली, बागेतली. पुन्हा जुन्या कबरीचा कारभार असा की, एका छपराखाली ग्रीक, लॅटिन, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियाक आणि इथिओपियन अशा सहा पंथांची वहिवाट, आणि कोणी कुठला कोपरा झाडायचा हे ऑटोमन सुलतानाच्या 1852 च्या फर्मानानं गोठवलेलं. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून टेकून आहे. ती हलवायची तर सहाही जणांची संमती हवी, म्हणून ती हलत नाही. किल्ली ठेवायला एक मुसलमान कुटुंब आणि दार उघडायला दुसरं, कारण ख्रिस्ती पंथांचा एकमेकांवर तेवढा भरवसा नाही. 2008 च्या नोव्हेंबरात ग्रीक आणि आर्मेनियन साधूंची तिथं अशी हाणामारी झाली की पोलीस बोलवावे लागले. पाच भावांच्या वाड्यातल्या सामाईक जिन्याचा दिवा कोणी बदलायचा यावर ज्यांनी तीन पिढ्या अंधारात काढल्या, त्यांना या शिडीचं शास्त्र वेगळं शिकवायला नको. आता याच शिडीखाली उभा राहून आपला पंडित ख्रिस्ती ऐक्यावर बोलू लागतो. त्याच वेळी त्याची दोन मुलं बसमधल्या खिडकीच्या जागेवरून एकमेकांना चिमटे काढत असतात. "काल हिची होती, आज माझी!" "आधीपासून माझीच आहे!" पंडित ओरडतो, "इथं भांडू नका, ही पवित्र जागा आहे!" आणि शेजारी उभे असलेले दोन पंथांचे साधू त्याच्याकडे कौतुकानं पाहतात. जागा खरी की खोटी, हा प्रश्न पुरातत्त्ववाल्यांचा. पौलानं करिंथकरांना भांडू नका म्हणून एवढी लांब पत्रं का लिहिली, या प्रश्नाचं उत्तर तेवढ्या पाच मिनिटांत मिळून जातं, आणि ते कुठल्याही जागेवर मिळालं तरी खरंच असतं. फ्रेंच डॉमिनिकन लाग्रांज यानं 1890 साली जेरुसलेममध्ये बायबलची शाळा काढली, ती ग्रंथाबरोबर भूमीही वाचावी म्हणून. विद्यार्थ्यांनी सासूबाईंनाही आणावं, असा नियम तेवढा करायचा राहिला.

लूकच्याच दुसऱ्या अध्यायाकडे येऊ, कारण माझ्या मते हा सगळ्या वादाचा गाभा आहे. नासरेथचं कुटुंब दरवर्षीप्रमाणे वल्हांडणाला जेरुसलेमला जातं. मुलगा बारा वर्षांचा. सण संपवून सगळे परत निघतात, एक अख्खा दिवस चालतात, आणि मग लक्षात येतं की मुलगा बरोबर नाही. तो बरोबरच्या घोळक्यात असेल, असं दोघांना वाटलं होतं. परत धावपळ, आणि तिसऱ्या दिवशी तो मंदिरात पंडितांमध्ये बसलेला सापडतो. या उताऱ्यावर ख्रिस्ताच्या ज्ञानाविषयी किती ग्रंथ झाले याला सुमार नाही: बाराव्या वर्षी त्याला काय काय माहीत होतं, किती माहीत होतं, कोणत्या प्रकारे माहीत होतं. तो अख्खा दिवस आई-बाप एकमेकांशी काय बोलले, यावर जवळजवळ काही नाही. रोममध्ये व्हॅटिकनच्या गर्दीत धाकटा दहा मिनिटं हरवला की हा मुद्दा आपोआप पुढं येतो. "मला वाटलं तुझ्याबरोबर आहे." "मला वाटलं तुमच्याबरोबर आहे." "मी छताकडं बघत होतो." "छताकडं?" छत मायकेलअँजेलोचं असतं, 1508 ते 1512 अशी चार वर्षं खपून रंगवलेलं, पण त्या क्षणी ही माहिती देण्यात अर्थ नसतो. पुन्हा त्या सिस्टीन चॅपेलमध्ये बोलायला मनाई. रखवालदार दर काही मिनिटांनी सगळ्यांना गप्प करतो, त्यामुळं हे भांडण कुजबुजत करावं लागतं आणि कुजबुजीत ते जास्त लागतं. मुलगा सापडतो तो कोपऱ्यात, एका जपानी आजोबांना शेवटच्या न्यायाच्या चित्रातली कातडी कोणाची ते समजावून सांगत. "इथंच तर होतो. मी कुठं जाणार?" लूकच्या मजकुरात मुलाला जाब विचारते ती मरिया. योसेफ काही बोलत नाही. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही, आणि धर्मपंडितांनी या मौनाचं रहस्य शतकानुशतकं शोधलं आहे. त्या दहा मिनिटांनंतर बायकोशेजारून चालणाऱ्या पंडिताला त्यात रहस्य असं काही उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, मोठे धर्मपंडित तर एकटेच फिरले! संत थॉमस अक्वायनस बघा. बघू या. थॉमस तरुणपणी डॉमिनिकन साधूंबरोबर निघाला असताना, 1244 मध्ये, त्याच्या सख्ख्या भावांनी त्याला वाटेतच पकडलं आणि आईच्या सांगण्यावरून वर्षभर रोक्कासेक्काच्या किल्ल्यात कोंडून ठेवलं. मुलानं भिक्षेकरी व्हावं हे घरच्यांना पसंत नव्हतं. पुढं तो आयुष्यभर युरोप तुडवत बायको-मुलांविना हिंडला, आणि 1274 मध्ये लियोंच्या परिषदेला जाताना त्याचं डोकं वाटेतल्या झाडाच्या फांदीवर आपटलं असं सांगतात. त्यानंतर थोड्याच काळात तो गेला. विचारात गढलेल्या माणसाला "अहो, फांदी!" म्हणून ओरडायला शेजारी बायको नव्हती. पौलाचंही उदाहरण देतात. तो अविवाहित होता, म्हणून इतका फिरला. पण दौऱ्यातल्या साथीदाराशी, बर्णबाशी, त्याची फाटाफूट झाली ती बर्णबाच्या भाऊबंदांतल्या मार्कला दौऱ्यावर न्यायचं की नाही यावरून. म्हणजे नातेवाईक सुटले नाहीतच. त्रोवासला तो मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. खिडकीत बसलेला युतुख नावाचा पोरगा पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी तो मेलाच म्हणून उचलला. पौल खाली गेला, पोराला जिवंत केलं, वर आला, दोन घास खाल्ले आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलला. समोर बायको बसलेली असती तर व्याख्यान नवाच्या पुढं गेलं नसतं आणि चमत्काराची गरजच पडली नसती. रोमच्या वाटेवर वादळ झालं, चौदा दिवस-रात्र दोनशे शहात्तर माणसांचं जहाज समुद्रावर भरकटलं, कोणाच्या पोटात अन्न नाही, आणि त्या वेळी पौल उभा राहून पहिलं वाक्य काय बोलला? तर माझं ऐकून क्रेताहून निघाला नसतात तर बरं झालं असतं. जगातल्या कुठल्याही कुटुंबाच्या सहलीत हे वाक्य एकदा येतंच. पण ते बुडत्या जहाजावर, दोनशे पंचाहत्तर परक्या माणसांसमोर म्हणायला संसाराचा अनुभव मुळीच नसावा लागतो. मग ते जहाज माल्टाला फुटलं. माल्टात दर 10 फेब्रुवारीला त्याची सार्वजनिक सुट्टी असते. प्रवास फसल्याचा राष्ट्रीय सण पाळणाऱ्या त्या बेटावर तरी पंडितानं कुटुंबाला नक्की न्यावं.

अजून एक आक्षेप आहे, तो चटकन निपटू. जर्मनीतली अ‍ॅन कॅथरीन एमरिक अंथरुणाला खिळलेली असताना तिला इफिसजवळचं मरियेचं घर दृष्टान्तात दिसलं, आणि तिच्या वर्णनावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तुर्कस्तानात ते सापडलं असं मानतात. तेव्हा हलायचं कशाला? ठीक आहे. चर्चनं त्या घराच्या खरेपणाविषयी अजून निर्णय दिलेला नाही. आणि दृष्टान्त ही सोय प्राध्यापकांना सहसा मिळत नाही. त्यांना सेल्चुकहून घाटातल्या वळणांच्या रस्त्यानंच, धाकट्याला प्लॅस्टिकची पिशवी देऊनच वर जावं लागतं.

शेवटचा पुरावा मी मुद्दाम राखून ठेवला आहे, कारण तो खास कॅथलिकांचा आहे. कॅथलिक बायबलात त्र्याहत्तर पुस्तकं, प्रोटेस्टंटांच्यात सहासष्ट. वरच्या सातांत तोबीत आहे. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांतही त्याचे तुकडे सापडले. समुद्रसपाटीखाली चारशे मीटरवर, डोळ्यांत खारं पाणी गेलं म्हणून रडणाऱ्या मुलाचे डोळे पुसताना पंडित हे सांगतो आणि कोणी ऐकत नाही. अख्खं पुस्तक म्हणजे एका कुटुंबाचा परदेश प्रवास. चिमण्यांची विष्ठा डोळ्यांत पडून आंधळा झालेला बाप मुलाला मेदियाला पाठवतो, तिथं ठेवायला दिलेली दहा तालांत चांदी परत आणायला. वाटाड्या हवा. मुलगा एक तरुण घेऊन येतो. बाप आधी विचारतो, कोणत्या कुळातला, कोणाचा मुलगा? समाधान झाल्यावर दर ठरवतो: दिवसाला एक द्राख्मा, वर खर्च, नीट परत आणलास तर बक्षीस. आई रडत असते की, पैशांपायी पोराला कशाला पाठवलं? वाटेत तैग्रिस नदीत एक मासा पोराच्या पायाला झोंबतो. मेदियात पोराचं लग्न होतं आणि सासरे चौदा दिवस जेवणावळी घालतात. इकडे बाप दिवस मोजतो. आई रोज वाटेवर डोळे लावून बसते, आणि नवरा "येईल गं" म्हणाला की "तुम्ही गप्प बसा" म्हणते. यातलं एक अक्षरही समजायला टीप लागत नाही. एक कुत्राही आहे. तो निघताना मागं मागं जातो, परतताना मागं मागं येतो, आणि तो कथेत का आहे, यावर भाष्यकारांचं आजवर एकमत नाही. "बाबा, त्याचं नाव काय होतं?" धाकटा विचारतो. तीन भाषा येणारा बाप गप्प बसतो.

आणि सगळे सुखरूप परतल्यावर तोबीत मुलाला म्हणतो, त्या वाटाड्याचे पैसे दे, वर काहीतरी जास्त दे. मुलगा म्हणतो, आणलेल्यातलं अर्धं दिलं तरी कमीच. तो वाटाड्या मात्र काही घेत नाही. सांगतो की, मी राफाएल, देवासमोर उभ्या राहणाऱ्या सात देवदूतांपैकी एक. वाटेत मी खाताना दिसलो तेही नुसतं दिसण्यापुरतं. पवित्र भूमीत परतीच्या दिवशी बस विमानतळाशी थांबते, गाईड दाराशी हात पुढं करून उभा राहतो, आणि सगळं कुटुंब पंडिताकडं पाहू लागतं. तो पाकीट उघडतो. गाईड नोटा मोजतो, पुन्हा मोजतो. सासूबाई मागून हळूच म्हणतात, "हा काही त्या सातांतला नाही हो."